चीक, बर्फ आणि भूमितीचा तास

फेब्रुवारीतली पहाट, पाचचा सुमार. पारा उणे 20 अंशांवर. पंधरा वर्षांची मुलगी गमबूट चढवते, बॅटरी उचलते आणि गाभण कालवडींच्या वाड्याकडे निघते. पहिलारू कालवड कधी अडेल याचा नेम नसतो. वासरू ओलंचिंब जन्मतं. लगेच कोरडं केलं नाही, तर त्याच्या कानांची टोकं थंडीनं झडतात. पहिल्या काही तासांत पोटात चीक गेला नाही, तर ते जगणंच अवघड. एवढं बघायचं, गुरांच्या हौदावरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडायचा आणि मग आंघोळ करून भूमितीच्या तासाला वेळेवर बसायचं.

ही कुणी एक मुलगी नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स भागात अनेक घरांत हिवाळ्याचा दिवस साधारण असाच उजाडतो. सुमारे 50,000 चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या वाळूच्या टेकड्या गवताच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. नांगर फिरवला की वाळू उडणार, म्हणून इथं पिकांपेक्षा कुरणं आणि मांसासाठी पाळलेली गुरं. इथली चेरी काउंटी जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढी, पण 2020 च्या जनगणनेत माणसं 5,455! शिवाय कालविभागाची रेषा तिच्या मधून जाते. व्हॅलेंटाईन या मुख्य गावात आठ वाजतात, तेव्हा पश्चिमेकडच्या कोडी गावात सात.

अशा मुलखात शाळा म्हणजे आधी अंतर. राज्याच्या कायद्यातच त्याची सोय आहे. शाळेपासून दीड मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्या ग्रामीण मुलांना 14 वर्षं 2 महिने पूर्ण झाल्यावर शाळेपुरता वाहन परवाना मिळू शकतो. कडाक्याच्या थंडीत गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरला जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी ते सुरूच व्हायचं नाही. गाडीत फावडं आणि घोंगडी असतेच.

त्यामागे जुनी आठवण आहे. 12 जानेवारी 1888 ची सकाळ उबदार होती, म्हणून मुलं साध्या कपड्यांत शाळेत गेली. दुपारी अचानक हिमवादळ आलं. या पठारी मुलखात दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांत घरी परतणारी अनेक शाळकरी मुलं होती. त्या वादळाला आजही ‘शाळेचं वादळ’ म्हणतात.

वर्गात पोचलं तरी गोठा मागं राहत नाही. ‘एफएफए’ ही 1928 साली स्थापन झालेली कृषी-विद्यार्थ्यांची संघटना इथल्या शाळांमधून रुजलेली आहे. निळं कॉर्डरॉयचं जाकीट ही तिची ओळख. कृषी विषय घेणारा विद्यार्थी स्वतःचा एखादा प्रकल्प चालवतो, समजा दोन कालवडी पाळतो. वैरण किती लागली, डॉक्टरचं बिल किती झालं, विक्रीतून काय हाती आलं, याची वही ठेवायची आणि ती शिक्षकांना दाखवायची. जेमतेम दीडशे वस्तीच्या कोडीत तर विद्यार्थी किराणा दुकानच चालवतात. 2013 साली उघडलेल्या या दुकानाच्या भिंती पेंढ्याच्या गासड्यांच्या आहेत. ते नसेल, तर मोठ्या दुकानासाठी साठेक किलोमीटरवर व्हॅलेंटाईन गाठायचं. टक्केवारीचं गणित इथं दुधाच्या डब्यावरच्या किमतीत सोडवलं जातं.

ही बालमजुरी नव्हे का, असं आपल्याला वाटेल. अमेरिकेच्या 1938 च्या श्रम कायद्यात आईवडिलांच्या शेतावर काम करणाऱ्या मुलांना वयाच्या अटीतून सूट आहे. धोका मात्र सुटीवर जात नाही. ट्रॅक्टर, बिथरलेली गाय आणि गोठवणारा वारा यांना समोरच्याचं वय कळत नाही. त्यामुळे कोणतं काम कोणत्या वयात द्यायचं, हा निर्णय कायद्यापेक्षा घरातल्या मोठ्यांवरच पडतो.

संध्याकाळी बास्केटबॉलचा सराव उरकून ती पहाटेची मुलगी घरी येते, तेव्हा वैरणीची वेळ झालेली असते. ही वेळ ठरवण्यामागे एक युक्ती आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातले पशुपालक गस कोनेफाल यांना 1970 च्या दशकात आढळलं, की गाभण गाईंना वैरण उशिरा, संध्याकाळी घातली तर जास्त गाई दिवसा वितात. पुढं संशोधकांनाही तसंच दिसलं. दिवसा वासरू जन्मलं तर त्याला थंडी कमी बाधते आणि मदतीला माणसं जागी असतात.

म्हणून ती अंधारात गासडीची दोरी कापते, गवत पसरते आणि घरात येऊन गृहपाठ उघडते. आज संध्याकाळी वैरण वेळेवर पडली, तर उद्या भूमितीच्या तासाला डोळे उघडे राहण्याची आशा. तरीही झोपण्याआधी ती गजर लावते, दोन वाजताचा. गाईंनी काही कोनेफाल वाचलेला नाही.