मृत्यूची नोंद करणारा उमेदवार

श्रोतेहो, मत मागणारे उमेदवार आपण नाना तऱ्हेचे पाहिले आहेत. कोणी रस्त्याचे आश्वासन देतो, कोणी पाण्याचे, कोणी शाळेच्या इमारतीचे. परंतु ‘आपल्या भागात कोणी अकस्मात मरण पावला, तर तो कसा मेला हे ठरविण्याचे काम माझ्याकडे द्या’ असे म्हणत दारी येणारा उमेदवार आपल्यापैकी कोणी पाहिला नसेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र असे उमेदवार शेकडो काउंट्यांतून उभे राहतात. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. या पदाचे नाव कॉरोनर असे आहे. हा कॉरोनर पुन्हा निवडून येण्यासाठी मतदारांपुढे उभा राहतो, तेव्हा मतदाराने त्याच्या कारकिर्दीत पाहावे तरी काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्याचे काम पाहू. एखादा मृत्यू अचानक, अपघाताने, हिंसेने किंवा संशयास्पद परिस्थितीत झाला, की त्याची वर्दी कॉरोनरकडे जाते. प्रेत ताब्यात घेणे, ओळख पटविणे, आप्तांना कळविणे, शवविच्छेदन करवून घेणे आणि शेवटी दाखल्यावर दोन गोष्टी लिहिणे, हे त्याचे कर्तव्य. त्यांतील पहिली गोष्ट मृत्यूचे कारण; म्हणजे गोळी लागून, बुडून, हृदय बंद पडून इत्यादी. दुसरी गोष्ट मृत्यूचा प्रकार. हे प्रकार पाच मानलेले आहेत : नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या, मनुष्यवध आणि अनिश्चित. यांतील ‘मनुष्यवध’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते. दुसऱ्या माणसाच्या कृतीने मृत्यू आला, एवढाच त्याचा अर्थ. ती कृती गुन्हा होती की न्याय्य होती, हे कॉरोनर सांगत नाही. ते न्यायालयाचे काम. तरीही दाखल्यावर ‘अपघाती’ लिहिले गेले, तर बहुतेक वेळा तेथेच चौकशीचे दार लागते, आणि ‘मनुष्यवध’ लिहिले गेले, तर ते उघडे राहते. एका शब्दात इतके सामर्थ्य असते.

हे पद फार जुने आहे. ११९४ साली इंग्लंडात रिचर्ड राजाच्या अमदानीत प्रत्येक काउंटीत तीन सरदार व एक कारकून निवडून राजाच्या हक्कांची राखण करण्याचा हुकूम निघाला. राजमुकुटासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरूनच कॉरोनर हे नाव आले. हेतू काही फार उदात्त नव्हता. खून झाला, कोणी आत्महत्या केली, तर दंड व जप्ती यांतून राजाच्या तिजोरीत भर पडे. ती भर मधल्या मध्ये शेरीफच्या खिशात जाऊ नये, म्हणून हा दुसरा अधिकारी नेमला गेला. हे वाक्य श्रोत्यांनी कृपया लक्षात ठेवावे. शेरीफवर नजर ठेवण्यासाठी कॉरोनर जन्मास आला.

इंग्लंडातही हे पद १८८८ पर्यंत निवडणुकीने भरले जाई. अशा निवडणुकीतून आलेला सर्वांत नामांकित पुरुष म्हणजे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा संस्थापक टॉमस वॅकली. कॉरोनर हा वैद्यकी जाणणारा असावा, असा त्याचा आग्रह होता. १८३० मध्ये तो हरला, १८३९ मध्ये पश्चिम मिडलसेक्समधून निवडून आला. १८४६ साली हाउन्स्लो येथील छावणीत एका सैनिकाला शिक्षा म्हणून दीडशे फटके मारण्यात आले, आणि चार आठवड्यांच्या आत तो मेला. लष्करी डॉक्टरांनी या मृत्यूचा फटक्यांशी संबंध नाही असा निर्वाळा दिला होता. वॅकलीने तो मानला नाही. बाहेरचा तज्ज्ञ बोलावून पुन्हा तपासणी करविली, आणि पंचांनी फटक्यांमुळेच मृत्यू आल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी लष्करात फटक्यांची कमाल मर्यादा पन्नासवर आणण्यात आली. सरकारी पोशाखातल्या माणसांच्या हातून मृत्यू घडला असता जो मागे सरत नाही, तो कॉरोनर, ही कसोटी तेव्हापासूनची आहे.

आता ही कसोटी आपण अलीकडच्या एका निवडणुकीला लावून पाहू. कॅलिफोर्निया राज्यात सॅन वाकीन नावाची काउंटी आहे. स्टॉकटन हे तिचे मुख्य शहर. शिखांचे गुरुद्वार तेथे १९१२ मध्येच स्थापन झाले आणि पुढे गदर चळवळीच्या मंडळींचा तेथे राबता असे, म्हणून हे नाव आपल्या इतिहासात अगदीच अपरिचित नाही. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांपैकी ४८ काउंट्यांत त्या सुमारास शेरीफ आणि कॉरोनर ही दोन्ही पदे एकाच माणसाकडे होती. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची आणि जो नजर ठेवणार, ते दोघे एकाच खुर्चीत बसलेले! काटकसर म्हणून केलेली ही सोय कायद्याला मान्य होती व आहे.

स्टीव्ह मूर हे सॅन वाकीनचे शेरीफ-कॉरोनर २००६ साली निवडून आले आणि २०१० व २०१४ मध्ये पुन्हा निवडले गेले. ते पोलिसी पेशातले. वैद्यकी त्यांचा विषय नव्हता, आणि तशी अटही नव्हती. शवविच्छेदनासाठी त्यांच्या कचेरीत डॉ. बेनेट ओमालू हे २००७ पासून होते. हे गृहस्थ मूळचे नायजेरियाचे. पिट्सबर्गच्या कॉरोनर कचेरीत असताना २००२ मध्ये माइक वेब्स्टर या नामांकित फुटबॉलपटूच्या मेंदूची त्यांनी कसोशीने तपासणी केली, आणि डोक्यावर वारंवार आदळणाऱ्या आघातांनी मेंदू कसा झिजतो हे उघडकीस आणले. त्यावर २०१५ साली चित्रपटही निघाला. सांगण्याचा मुद्दा असा, की मोठ्या संस्थांचा रोष पत्करण्याची या डॉक्टरांना सवय होती.

२०१७ च्या अखेरीस, काही दिवसांच्या अंतराने, डॉ. सुझन पार्सन आणि डॉ. ओमालू या दोघांनीही राजीनामे दिले. त्यांची टिपणे प्रसिद्ध झाली तेव्हा खळबळ उडाली. पोलिसांशी झालेल्या झटापटीत जे मृत्यू घडले, त्यांतील काहींत आपला अभिप्राय मनुष्यवधाचा असता शेरीफनी ते अपघाती ठरविले, पोलिसांना झाकण्यासाठी पदाचा उपयोग केला, असा ओमालू यांचा आरोप होता. ओळख पटविण्यासाठी काही प्रेतांचे हात आपल्याला न विचारता कापून नेण्यात आले, असाही एक अंगावर काटा आणणारा आरोप त्यांनी केला. मूर यांनी हस्तक्षेपाचा आरोप साफ नाकारला. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. मृत्यूचे कारण सांगणे हे डॉक्टरचे काम, त्यात आपण कधी ढवळाढवळ केली नाही. मृत्यूचा प्रकार ठरविण्याचा अधिकार मात्र कायद्याने कॉरोनरला दिला आहे, असे त्यांच्या बचावाचे सार होते. कायद्याच्या अक्षराकडे पाहिले तर हे चुकीचे नव्हते. दोष असलाच तर तो अशा कायद्यात आहे, जो वैद्यकीय पुराव्यावरचा शेवटचा शब्द पोलिसांच्या प्रमुखाच्या हाती देतो. आणि तो प्रमुख मनाने कितीही निर्मळ असला, तरी मेलेल्या माणसाच्या आईने त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

काउंटीच्या मंडळाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून कारभाराची पाहणी करवून घेतली. दोन्ही कामे वेगळी करावीत असा सल्ला आला, आणि एप्रिल २०१८ मध्ये मंडळाने एकमताने तसा ठराव केला. कॉरोनरचे काम शेरीफकडून काढून वैद्यकीय परीक्षकाच्या, म्हणजे नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरच्या स्वतंत्र कचेरीकडे सोपविण्याचे ठरले. मग ५ जून २०१८ रोजी मतदान झाले. चौथ्यांदा कौल मागणाऱ्या मूर यांना त्यांच्याच खात्यातून निवृत्त झालेले सार्जंट पॅट विथ्रो यांनी हरविले. शेरीफच्या निवडणुकीत इतरही अनेक प्रश्न असतात, तेव्हा पराभवाचे सारे श्रेय राजीनाम्यांना देणे धाडसाचे होईल. पण ज्या कामाकडे एरवी मतदार ढुंकूनही पाहत नाही, ते काम त्या वर्षी प्रत्येक सभेत चर्चिले गेले असणार, यात शंका वाटत नाही.

कॉरोनर निवडून दिला की तो बिघडतोच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ओहायो राज्यात कॉरोनर निवडणुकीनेच येतो, पण तो परवानाधारक डॉक्टर असलाच पाहिजे. तेथील हॅमिल्टन काउंटीत, म्हणजे सिन्सिनाटी शहराच्या परिसरात, डॉ. लक्ष्मी सम्मार्को या भारतीय वंशाच्या बाई २०१२ पासून हे पद सांभाळीत आल्या आणि मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडले. त्या मेंदूच्या क्षकिरण-चिकित्सेतील तज्ज्ञ. २०१६ मध्ये हत्तींना गुंगी आणण्यासाठी वापरले जाणारे कारफेंटॅनिल हे द्रव्य हेरॉइनमध्ये मिसळून त्या शहरात आले, आणि माणसे पटापट कोसळू लागली. तेव्हा रक्तात हे विष आहे असे शोधून जाहीर इशारा देणे हे त्यांच्या कचेरीचे काम झाले. कॉरोनरच्या कारकिर्दीत जमेच्या बाजूला मांडावे असे हे काम आहे. मेलेल्यांच्या तपासणीतून जिवंतांना सावध करणे. याउलट जॉर्जिया राज्यात पंचवीस वर्षे वय, मतदार म्हणून नोंद आणि शाळा संपल्याचा दाखला, अशा किरकोळ अटींवर माणूस कॉरोनर होऊ शकतो. आमच्या शाळेत शिपाई नेमताना याहून अधिक चौकशी होते, असे एखाद्या खोडकर श्रोत्याला वाटल्यास मी त्याला रागावणार नाही. मॅसॅच्युसेट्सने १८७७ मध्येच हे पद मोडीत काढले, न्यूयॉर्क शहराने १९१८ मध्ये, आणि २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ते सर्वत्र बंद व्हावे अशी शिफारस केली. निवडणुकीवर श्रद्धा असलेल्या देशाला ती सहज पचणारी नव्हती.

आपल्याकडे काय आहे? कलकत्ता व मुंबई या शहरांसाठी १८७१ चा कॉरोनर कायदा होता, आणि मुंबईतले हे पद १९९९ मध्ये रद्द होईपर्यंत चालू होते. गोवा असो, बेळगाव असो, इंदूर, बडोदे वा हैदराबाद असो, आपल्या वाट्याला पोलीस अधिकाऱ्याने पंचांसमक्ष केलेला मरणोत्तर पंचनामा आणि सरकारी डॉक्टरची शवचिकित्सा येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ आहे. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली व नव्या संहितेतही ठेवली गेली. म्हणजे स्टॉकटनच्या मतदारांपुढचा पेच आपल्या कायद्यालाही जाणवलेला आहे. आपण त्याचे उत्तर मतपेटीत न शोधता न्यायासनाकडे सोपविले, इतकेच.

कॅलिफोर्नियातली कथा मात्र सॅन वाकीनपुरतीच राहिली. पाच लाखांहून अधिक वस्तीच्या काउंट्यांत शेरीफकडून हे काम काढून घ्यावे, असे विधेयक २०१८ मध्येच विधिमंडळाने संमत केले होते; गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, आणि हा निर्णय ज्या त्या काउंटीवर सोडला. २०२२ मधील दुसरा प्रयत्नही फसला. वॉशिंग्टन राज्याने, जेथे लहान काउंट्यांत सरकारी वकीलच कॉरोनरचे काम पाहत असे, २०२१ साली कायदा करून ती पद्धत २०२५ पासून बंद केली. कॅलिफोर्नियात आणखी एक बदल झाला आहे : शेरीफची निवडणूक आता अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी घ्यायची असल्याने, २०२२ मध्ये निवडून आलेल्यांना चारऐवजी सहा वर्षांची मुदत मिळाली. तेव्हा ज्या काउंट्यांत शेरीफ हाच कॉरोनर आहे, तेथील मतदाराच्या हाती ही मतपत्रिका पुन्हा येणार ती २०२८ मध्ये.