गेटवर सर बसलेत, मग आपण काय करायचं?

मुदखेडहून सकाळच्या गाडीने नांदेडला उतरायचं, तिथून विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ गाठायचं आणि दाराशी कळायचं, की कर्मचारी बेमुदत संपावर आहेत. मायग्रेशन सर्टिफिकेटचं काम बंद, मार्कमेमोतली नावाची दुरुस्ती लटकलेली. दिवस वाया गेला, भाडं गेलं, राग येणारच. पण त्या रागात जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

‘सरांना काय, पगार चालूच!’

चालू नसतो. 4 फेब्रुवारी 2013 पासून एमफुक्टो या प्राध्यापक महासंघाच्या हाकेवर राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार पडला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि 1991 ते 2000 या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न, या त्यातल्या मुख्य मागण्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मे महिन्यात बहिष्कार मागे घेतला गेला. त्या काळातला 71 दिवसांचा पगार सरकारने रोखला. पाच वर्षांनी, 25 सप्टेंबर 2018 ला, प्राध्यापक पुन्हा बेमुदत संपावर गेले, तेव्हाही मागण्यांच्या यादीत ते 71 दिवस होतेच.

यातून विद्यार्थ्याने एक गोष्ट नीट उचलावी. 2013 चं आंदोलन परीक्षेच्या कामापुरतं होतं. आम्ही वर्ग घेतोय, असंच प्राध्यापकांचं म्हणणं होतं. काळ्या फिती लावून काम, लेखणीबंद, परीक्षांवर बहिष्कार, एक दिवसाचा लाक्षणिक संप, बेमुदत संप हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत. ‘संप आहे’ एवढं ऐकून आठवडाभर घरी बसलेल्या पोराचे तास बुडतात आणि ती हजेरी कुणी भरून देत नाही. काय बंद आहे आणि काय चालू, हे आधी कॉलेजात फोन करून विचारा.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं तर आणखी वेगळं. त्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. तास झाला नाही तर त्या दिवसाची कमाई शून्य. त्यांच्यापैकी कुणी संपाच्या काळात वर्गावर आलं तर त्याला फितूर म्हणू नका, आणि नाही आलं तर कामचुकारही म्हणू नका.

‘परीक्षा रद्द, सगळे पास!’

हा मेसेज प्रत्येक संपात फिरतो. 2023 मध्ये शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजना आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी यांसाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि 20 फेब्रुवारीला बेमुदत संप पुकारला. राज्यातल्या अनेक विद्यापीठांना पेपर पुढे ढकलावे लागले. पुढे ढकलले, रद्द केले नाहीत. ज्याने मधल्या दिवसांत अभ्यास सोडला, त्यानेच नंतर मार खाल्ला.

निकालाचंही तसंच. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, आणि फार तर 45 दिवसांत लावावा असं आहे. परीक्षेच्या कामात मदत करणं शिक्षकांवर त्याच कायद्याने बंधनकारक केलं आहे. म्हणजे निकाल वेळेवर मागणं ही विद्यार्थ्याची मेहेरबानीची याचना नाही.

‘संप बेकायदा, म्हणजे मागणी खोटी’

सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात म्हटलं. त्याआधी 1988 मध्ये, गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही असा निकाल आला. कायद्याचा आधार तोकडा आहे, हे खरं. मागणी रास्त की नाही हे मात्र त्यावरून ठरत नाही. ती वाचूनच ठरवावी लागते.

आणि ती आपल्याशी जोडलेली असते. 2018 च्या प्राध्यापकांच्या संपात रिक्त जागा भरा, ही प्रमुख मागणी होती. त्यानंतर राज्याने सहायक प्राध्यापकांच्या 3,580 जागांना मंजुरी दिली. त्यातल्या 2,088 तेव्हा भरल्याच गेल्या नाहीत, त्यांना 2021 मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. वर्गात इंग्रजीला किंवा गणिताला वर्षभर सर नव्हते, त्याचं कारण या आकड्यांत आहे.

‘गेटवर बसलेत, आत गेलं तर गद्दारी’

ब्रिटनमध्ये संपकऱ्यांची दारावरची रांग ओलांडायची नाही, हा संघटनांचा जुना दंडक. 2018 मध्ये तिथले प्राध्यापक पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा बरेच विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. आपल्याकडची द्वारसभा किंवा धरणं बहुधा प्रशासनाला ऐकवण्यासाठी असतं, विद्यार्थ्याला अडवण्यासाठी नाही. पाठिंबा वाटला तर शेजारी बसा, पेपर असेल तर आत जा. जबरदस्तीने अडवण्याचा अधिकार कुणाला नाही, तसा धरणं धरलेल्या शिपाईमामांवर मोबाइल रोखून हुज्जत घालण्याचा तुम्हालाही नाही.

‘आपण काय करू शकतो?’

पुष्कळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, आणि तिच्यावर दाद मागायला विद्यापीठात लोकपाल. वेळापत्रकापलीकडे रखडलेली परीक्षा किंवा निकाल ही त्या नियमांत तक्रार म्हणून धरली आहे, आणि समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. संपात कुलगुरूंना निवेदन देताना दोन गोष्टी एकाच कागदावर लिहा: कर्मचाऱ्यांशी लगेच चर्चा करा, आणि परीक्षेची नवी तारीख लेखी जाहीर करा. आवक-जावक बंद असेल तर ईमेल करा. हातोहात दिलंत तर तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.