चुलीचा धूर आणि लहान मूल

चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, भांडी काळी करतो, हे कोणाला सांगायला नको. “धूर लागला तर लागला, भाकरी चुलीवरचीच गोड,” असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण या धुराचा मांडीवरच्या पोराच्या छातीशी काय संबंध आहे, हे पाहिले म्हणजे तो इतका सहज सोडता येत नाही.

लाकूड, गोवरी किंवा पऱ्हाटी पुरती जळाली तर धूर फारसा होत नाही. घरच्या चुलीत मात्र हवा पुरेशी खेळत नाही, सरपण ओलसर असते आणि ते अर्धवट जळते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो आणि अतिसूक्ष्म कणही निघतात. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक असे हे कण नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथील जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींना दुबळे करतात. मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते. शिवाय आई चुलीपाशी, तर तेही तिथेच!

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजारांवर होती.

मग चूल बदलली की काम झाले का? ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २००४ या काळात हे तपासले. ५३४ घरांपैकी निम्म्या घरांना धुराडे असलेली चूल दिली. बाकीच्यांची उघडी चूल चालू राहिली. मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला. एकूण न्यूमोनियातली घट खात्रीने सांगण्याइतकी भरली नाही. पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला.

पुढे ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपला भारत अशा चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांना घेऊन प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅस फुकट पुरवला. २०२४ साली निष्कर्ष आला, की एक वर्षाखालच्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. पण न्यूमोनियाला एकटा धूरच कारण नसतो. कुपोषण, राहिलेली लस, दाटीवाटीचे घर यांचाही त्यात हात असतो. शेजारच्या चुलीचा धूर आपल्या घरात येतो तो वेगळाच. आपल्याकडे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून कोट्यवधी घरांत गॅस आला. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की बाई पुन्हा फुंकणी हाती घेते.

तेव्हा वाचकहो, गॅस परवडेल तितका वापरा. चूल पेटवावीच लागली तर सरपण वाळलेले घ्या, धुराला वाट ठेवा, पोराला दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. लस चुकवू नका. आणि मूल खोकत असेल तर ते शांत असताना घड्याळ लावून पुरा एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या मुलाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर काढा देत सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.