सड्यावरील चवर आणि औषधशाळेतील तवकीर

कुटकी, अतिविषा यांचे माहेर म्हणजे हिमालयातील बुग्याल, अर्थात वृक्षरेषेलगतची उंच कुरणे. तेवढी उंची सह्याद्रीस नाही; तथापि उन्हाळ्यात उघडा कातळ आणि भाद्रपदात फुलांचे कुरण, हे रूप आपल्याकडील जांभ्याच्या सड्यांनाही लाभलेले आहे. सुमारे १२०० मीटर उंचीवरील कास पठार सर्वांस ठाऊक आहे. २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांत त्याचा समावेश आहे.

सड्यावर माती अत्यल्प, तीही निःसत्त्व. म्हणून दवबिंदू चिकट केसांनी व सीतेची आसवे मातीतील सूक्ष्म पिशव्यांनी कीटक धरून नत्र मिळवितात. तेरडा मधमाश्या, फुलपाखरांकरवी परागण उरकून, बी टाकून संपतो. टोपली कारवी सात वर्षे थांबते. कासला ती २०१६ व २०२३ मध्ये फुलली. चवर मात्र कंदात पिष्ट साठविते, आणि येथेच आपला संबंध येतो.

चवर (कर्क्युमा कॉलिना) ही हळदीच्या कुळातील असून उत्तर सह्याद्रीबाहेर आढळत नाही. ग्रॅहॅम यांनी १८३९ मध्ये तिचे वर्णन केले. महाबळेश्वर परिसरात तिच्या कंदांपासून तवकीर काढीत असत. चरकांनी कंदग्रहणास शरद ऋतू सांगितला आहे. भाद्रपदात चवर फुलोऱ्यावर असते, कंद भरावयाचा असतो. त्या वेळी खणल्यास पिष्टही उणे आणि बीजही नाही. पाने पिवळी पडून वाळल्यावरच कंद परिपक्व समजावा. अर्थात कासच्या राखीव वनातून तो मुळीच घेता येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आमच्या करंजाडे-पनवेल भागात ‘तवकीर’ या एकाच नावाखाली निरनिराळी पिठे येतात, आणि काही ठिकाणी तीच वंशलोचनाच्या जागी पडतात. सितोपलादि चूर्णात ३१ भागांपैकी ८ भाग वंशलोचन असते. म्हणजे चूर्णाचा चतुर्थांशच बदलतो! परीक्षा सोपी आहे. आयोडीनच्या थेंबाने पिष्ट निळे होते. वंशलोचन सिकतामय असल्याने होत नाही. मात्र मक्याचे पिष्टही निळेच होत असल्याने पुढे सूक्ष्मदर्शक हवा. मक्याचे कण कोनाकृती, नाभी मध्यभागी. हळद कुळातील कण चपटे, लंबगोल व नाभी एका टोकास.

पिष्टच हवे असल्यास बस्तरकडील तिखूर (कर्क्युमा अँगुस्टिफोलिया) मागवावे व वेष्टनावर तसे स्पष्ट छापावे. ‘सह्याद्रीची अस्सल तवकीर’ असा आग्रह धरणाऱ्या औषधशाळांनी पुरवठादारास कंद कोठून व कोणत्या महिन्यात काढले, हे लेखी विचारावे. भाद्रपद असे उत्तर आल्यास तो माल परत करावा, असे आमचे मत आहे.