भाव फुटण्यापूर्वीची चित्रे

स्वातंत्र्याला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. जुलै १९४९ मध्ये मुंबईतील रॅम्पार्ट रो येथे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात सहा तरुणांनी आपली नवी कामे एकत्र मांडली. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे हे ते सहा जण. 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'च्या या प्रदर्शनाचे उद्घाटन साहित्यिक मुल्कराज आनंद यांनी केले.

आरा यांनी घरगडी म्हणून दिवस काढले होते. हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत आले होते. सूझा यांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. इंग्रजी वळणाचे हुबेहूब चित्रण त्यांना नको होते आणि बंगाली शैलीतील गतकाळाचे स्मरणरंजनही नको होते. अशा चित्रांना तयार बाजारपेठ नव्हती.

तरीही काही पारखी पुढे आले. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलादिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर आणि समीक्षक रूडी व्हॉन लायडन यांनी त्यांना मार्गदर्शन केले. औषधनिर्मितीच्या व्यवसायातील इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी चित्रे विकत घेतली. चौकटींचे व्यापारी केकू गांधी यांनी आपल्या दुकानात ती लावली. कलाशाळेत मान्यता नसलेल्यांना पेढीवरच्या माणसांनी आधार दिला.

समूह फार काळ टिकला नाही. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले, तर रझा १९५० मध्ये पॅरिसला. मात्र मिळालेला विश्वास त्यांना पुरला.

हुसेन यांचे सुमारे चौदा फूट लांबीचे 'ग्रामयात्रा' हे चित्र १९५४ मध्ये दिल्लीत कामानिमित्त आलेल्या लिऑन व्होलोडार्स्की या डॉक्टरांनी घेतले आणि पुढे ते ओस्लोच्या रुग्णालयाला दिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. ही रक्कम नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी ठेवण्यात आली. हुसेन मात्र २०११ मध्येच निवर्तले होते.

भाव फुटल्यावर खरेदी करणारे पुष्कळ असतात. कलावंताचा संसार चालतो तो त्यापूर्वी घेणाऱ्यांमुळे. आजही नवोदितांच्या प्रदर्शनात चित्राखाली अनोळखी नाव आणि बेताची किंमत दिसते. तेथे नफ्याची हमी कोणी देत नाही. चित्र मनाला भिडले, घरच्या भिंतीवर रोज पाहावेसे वाटले, तर तेवढे कारण खरेदीला पुरेसे आहे.