तांबडा क्लोव्हर आणि मुरबाडचा वाल

शेतकी पुस्तकांत तांबड्या क्लोव्हरची तारीफ वाचून ‘याचं बी आपल्याकडे चालेल का हो?’ असे कोणी ना कोणी विचारतेच. घाटाखाली शहापूर-मुरबाडकडे ज्यांची सोयरीक वा जमीन आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

क्लोव्हर ओळखायला सोपा. एका देठाला तीन पाने, पानावर फिकट बाणासारखा पट्टा, वर गुलाबी-तांबड्या बारीक फुलांचा गोंडा. बांधावरची आंबुशी ती ही नव्हे. तिची पाने बदामी, फूल पिवळे, चव आंबट. शेंगवर्गाशी तिचे नाते नाही. क्लोव्हर मूळचा युरोपकडचा, थंडाव्याला सोकावलेला. त्याचे नखरेही फार. न्यूझीलंडात तो वाढे, पण बी धरीना. शेवटी १८८५ साली इंग्लंडहून केसाळ भुंगे नेऊन सोडावे लागले! मुरबाडचा चिखल आणि पुढचे ऊन त्याला मानवायचे नाही. त्याचा भाऊबंद बरसीम हिवाळ्यात येतो, पण पाणी वरचेवर मागतो. आणि भातसा-तानसाचे पाणी तर मुंबईची तहान भागवते.

मग क्लोव्हरचे मोल कशात? मुळांवरच्या गाठींत. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. हॉलंडच्या बेयरिंक या शास्त्रज्ञाने १८८८ साली ते वेगळे काढून दाखवले. तेच काम भातकापणीनंतर खाचरातल्या ओलीवर येणारा आपला कडवा वाल करतो, आणि वर बिरड्याची सोय!

फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप अलगद खणून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे. पांढरीफटक असेल तर नत्र मिळत नाही असे समजा. अशा रानात पुढच्या पेरणीला बियाण्यास गुळाच्या थंड पाण्यातून जिवाणूखत चोळावे व सावलीत सुकवावे. पाकीट मात्र वालाला चालणारेच मागा. क्लोव्हरचे जिवाणू वालाला कामाचे नाहीत.

एक गोष्ट आम्हाला खटकते. वाल मुळासकट उपटून खळ्यावर नेतात. नत्राचा मोठा वाटा आधीच दाण्यात गेलेला असतो. उरलेसुरले मूळही रानाबाहेर गेले, तर पुढच्या भाताला काय राहणार? जमिनीलगत विळ्याने कापावे, गळलेला पाला तिथेच पडू द्यावा. भुसा गुरांना घाला. मोकाट गुरांचा बंदोबस्त मात्र पेरणीपूर्वीच सगळ्या गावाने मिळून ठरवावा, कारण एकट्याच्या कुंपणाने खाचर राखले जात नाही.