हरलं की घरी!

हॉकी म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींना 'चक दे इंडिया' आठवतो. सिनेमात पोरी शेवटी जिद्दीवर जिंकतात आणि आपले डोळे पाणावतात. पण मैत्रिणींनो, खऱ्या मैदानावर नुसती जिद्द पुरते का?

साखळी सामन्यांत एक दिवस वाईट गेला, तर पुढच्या सामन्यात भरपाई करता येते. बाद फेरीत ती सोय नाही. हरलं की घरी! कित्येक वर्षांची मेहनत साठ मिनिटांत पणाला लागते. मग तिथे टिकतं कोण?

टोकियो ऑलिम्पिकचंच बघा ना. करोनामुळे वर्षभर पुढे गेलेली ही स्पर्धा २०२१ मध्ये झाली. राणी रामपालच्या संघाने सुरुवातीचे तिन्ही सामने गमावले. नेदरलँड्सने तर ५-१ असा धुव्वा उडवला. कुणीही म्हणावं, आता काय राहिलं? पण मुलींनी आधी आयर्लंडला १-० असं हरवलं, मग दक्षिण आफ्रिकेला ४-३. त्या सामन्यात वंदना कटारियाने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. पुढे ब्रिटनने आयर्लंडला हरवलं, तेव्हा कुठे आपलं दार उघडलं.

उपांत्यपूर्व फेरीत समोर होती ऑस्ट्रेलिया, गटातले पाचही सामने जिंकून आलेली. बाविसाव्या मिनिटाला गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. उरलेली अडतीस मिनिटं गोलरक्षक सविता पुनिया आणि बचावफळी भिंतीसारखी उभी राहिली. आपण १-० ने जिंकलो आणि ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पहिल्यांदाच पोचलो.

यातच बाद फेरीचं गुपित आहे. मोठ्या सामन्यात संधी मोजक्याच मिळतात. एखाद्या पेनल्टी कॉर्नरचं सोनं करायचं आणि आपलं गोलजाळं राखायचं. हे काही त्या दिवशी अंगात येत नाही. एकीने चेंडू आत ढकलायचा, दुसरीने अडवायचा, तिसरीने मारायचा, हे शेकडो वेळा घोटावं लागतं. सामना बरोबरीत सुटला तर शूटआऊट. एकटी खेळाडू, समोर एकटी गोलरक्षक आणि हातात आठ सेकंद! २०१७ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात सविताने अशाच शूटआऊटमध्ये चीनला रोखलं आणि चषक आपल्याकडे आला.

उलट बाजूही बघायला हवी. टोकियोत उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने पेनल्टी कॉर्नरवरच दोन गोल करून आपल्याला २-१ ने हरवलं. कांस्यपदक ब्रिटनकडून ३-४ अशा हारीत निसटलं. जानेवारी २०२४ मध्ये तर रांचीला, आपल्याच प्रेक्षकांपुढे, पॅरिसचं तिकीट हुकलं. जर्मनीविरुद्ध शूटआऊटमध्ये हार आणि दुसऱ्याच दिवशी जपानकडून ०-१. पेनल्टी कॉर्नर मिळाले होते, गोल एकही झाला नाही. जिद्द कमी होती, असं कोण म्हणेल? नेमकेपणा कमी पडला.

आता तुम्ही म्हणाल, नवीन पनवेलला खेटलेल्या आमच्या विचुंब्यात बसून याचं काय करायचं? इथे बिल्डिंगा उभ्या राहतायत, मोकळी जागा कमी होतेय. खरंय. पण फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळली. त्या संघालाही उपांत्य फेरीत चीनने ४-० ने हरवलं होतं. ते विसरून त्या जपानविरुद्ध उतरल्या, म्हणून पदक हाती आलं.

आपल्याकडे मुलगी दोन सामने हरली की घरात लगेच सुरू होतं, 'पुरे आता खेळ, दहावीचं बघ.' अभ्यास हवाच हो. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायची सवय लागते, ती याच वयात. तेव्हा या वेळी लेक पडलेल्या चेहऱ्याने घरी आली, तर किती गोलनी हरलात हे नंतर विचारा. आधी गरम चहा द्या आणि विचारा, "पुढचा सामना कधी गं?"